आतली कडी आणि बाहेरची कडी

भाज्याला माझ्या मामेभावाचे घर आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून दिवाळीचे दोन दिवस मी तिथे काढतो. पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने निघायचे, मळवलीला उतरायचे, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडायचा आणि विसापूरचा डोंगर समोर ठेवून चालू लागायचे. या दिवसांत मावळात भाताची कापणी चाललेली असते. खाचरांतून कापलेल्या पेंढ्याचा वास येतो आणि त्यात दादाच्या घराजवळ आल्यावर तळणाचा वास मिसळतो. तिथून पुढे मला कुणी वाट दाखवावी लागत नाही.

यंदा मी पोचलो तेव्हा पडवीत वादाला तोंड फुटलेले होते. कारण अगदी साधे होते. दादाचा मुलगा मोबाइलवरची एक बातमी मोठ्याने वाचून दाखवत होता: कुठल्याशा जिल्ह्यात तणाव, आणि म्हणून तिथली इंटरनेट-सेवा बंद. दादा सुपारी कातरता कातरता म्हणाला, “बरं केलं. दोन दिवस बंद ठेवलं तर काय बिघडलं? आमच्या वेळी कुठं होतं ते?”

मुलाला हे पटण्यासारखे नव्हते. त्याने घरामागच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने द्यायला सुरुवात केली आहे. लोक खोल्या ठरवतात त्या मोबाइलवर आणि पैसे देतात तेही मोबाइलवर. “आप्पा, दोन दिवस बंद म्हणजे माझं दुकान दोन दिवस बंद,” तो म्हणाला. सूनबाईंनी आतून पुस्ती जोडली की सरकारी योजनेचा अर्ज, मुलाच्या शाळेचे निरोप, सातबाराचा उतारा, सारे आता तिथेच मिळते. दहावीतला नातू काहीच बोलला नाही. तो मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. वादाचा मुद्दा आणि वादाचे कारण असे एकाच पडवीत शेजारी शेजारी बसलेले पाहून मला हसू आले.

पण दादा हसण्यावारी नेण्यासारखे बोलत नव्हता. तो मला म्हणाला, “तू मास्तर आहेस. मला एक सांग. त्या राईनपाड्याला पाच माणसं मारली, ती कशानं मारली?”

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाड्याची ती घटना वाचकांना आठवत असेल. १ जुलै २०१८ चा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भटके लोक पोटासाठी त्या भागात आले होते. मुले पळवणाऱ्यांची टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून हातोहाती पसरलेली होती. जमावाने त्या पाचांना ठार मारले. त्यांचे कुणी ऐकून घेतले नाही, कारण ऐकायचे ते लोकांनी मोबाइलवर आधीच ऐकले होते.

“त्या दिवशी ते बंद असतं, तर पाच जीव वाचले असते की नाही?” दादाने विचारले.

मला चटकन उत्तर देता आले नाही. स्वातंत्र्याच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाने या प्रश्नाला बगल देऊ नये, असे मला वाटते. अफवेने माणसे मरतात. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या ‘स्टेटस’वरून दंगल उसळली, तेव्हा तिथली इंटरनेट-सेवा बंद केली गेली. त्या वेळी ज्याच्या दुकानावर दगड पडत होते, त्याला कुणी नागरी स्वातंत्र्याचे व्याख्यान दिले असते तर त्याने कसे ऐकून घेतले असते, याचा विचार व्याख्यात्याने आधी करावा.

दादाला जोर चढला. “आणि सरकार कुणाचं काय वाचतं, म्हणून ही पोरं ओरडतात. अरे, ज्याला लपवायचं काही नाही, त्यानं भ्यावं कशाला?”

यावर उत्तर माझ्याकडून आले नाही, ते वहिनींकडून आले. त्या चकल्यांचा डबा घेऊन बाहेर येत होत्या. “अहो,” त्या म्हणाल्या, “न्हाणीत जाताना तुम्ही आतून कडी लावता, ती काय आत चोरी करायला?”

पडवीत हशा पिकला. दादाही हसला. पण मला ते वाक्य रात्रभर पुरले. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला. त्याची पाने शेकड्यांनी मोजावी लागतात. वहिनींनी न्हाणीच्या एका कडीवर तो आटोपला होता. माणूस दार लावतो ते पाप लपवण्यासाठीच असे नाही. अंगावरचे वस्त्र उतरवायला त्याला चार भिंती लागतात, म्हणून लावतो. मनाचेही तसेच असावे.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला जी गोष्ट आठवली, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. १९८४ साली मी एका शाळेच्या वसतिगृहाचा अधीक्षक होतो. मुले घरी पाठवीत ती आंतरदेशीय पत्रे माझ्याकडे उघडी द्यावीत, मी ती वाचून डाकेत टाकावीत, असा तिथला रिवाज होता. रिवाज माझ्या आधीचा होता, पण मला तो आवडला. मुलांच्या मनात काय चालले आहे हे कळले तर त्यांची काळजी घेता येईल, असे मी प्रामाणिकपणे मानत होतो. सातवीतला एक मुलगा दर आठवड्याला आईला पत्र लिही. “मी खुशाल आहे. जेवण चांगले आहे. अभ्यास चालू आहे.” मला समाधान वाटे.

एका पहाटे त्याचा बिछाना रिकामा सापडला. रात्रीच तो रेल्वेच्या रुळांच्या कडेने चालत घराकडे निघाला होता. सुदैवाने एका गँगमनने त्याला पाहिले आणि थांबवून ठेवले. मग सारे बाहेर आले. खोलीतला एक मोठा मुलगा त्याच्या ताटातले काढून घेई, त्याला मारी, कुणाला सांगितलेस तर बघ म्हणून दटावी. आई त्याला न्यायला आली तेव्हा पत्रांचा गठ्ठा बरोबर घेऊन आली होती. “गुरुजी, पत्रात तर सगळं चांगलं होतं,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरोखरच कोडे पडले होते. मला मात्र ते कोडे तिथल्या तिथे सुटले. मी सारी पत्रे वाचत होतो, म्हणूनच मला काही कळले नव्हते! पत्र गुरुजींच्या हातून जाणार, गुरुजींनी चौकशी केली की तो मोठा मुलगा आपल्याला धरणार, हे त्या बारा वर्षांच्या पोराला ठाऊक होते. म्हणून तो खुशाल होता.

ज्याच्यावर नजर ठेवली जाते तो माणूस सुधारतो, अशी एक समजूत आहे. माझा अनुभव असा की तो फक्त खुशाल होतो. आणि ज्याला लपवायचे काही नाही असे आपण म्हणतो, त्याच्यापाशी कित्येकदा सांगायचे पुष्कळ असते. सांगायला त्याला बंद लिफाफा हवा असतो.

वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली एका वसतिगृहाचे जे होते तेच समाजाचे होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या आपल्याला आवडल्याची खूण केली. एवढ्यावरून दोघींना अटक झाली. तेव्हाच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६-अ नावाचे एक कलम होते. त्याची भाषा इतकी सैल होती की कुणाला त्रासदायक वाटणारा मजकूर पाठवणे हाही गुन्हा ठरे. या घटनेने अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केले. दोन मुलींवर खटला चालला नाही, कलमही गेले. पण मधल्या त्या काळात किती जणांनी लिहिता लिहिता हात आवरला आणि “मी खुशाल आहे” एवढेच लिहिले, याची मोजदाद कोण करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेण्यांत गेलो. भाज्याला येऊन लेणी न पाहता परतलो तर मला देवदर्शन चुकल्यासारखे वाटते. पायऱ्या चढून गेले की ते मोठे चैत्यगृह समोर येते. त्याचे आत कललेले खांब, छताच्या कमानीखालच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या, आणि पलीकडे दाटीने उभे असलेले लहानमोठे १४ स्तूप. त्यांतल्या काहींवर स्थविरांची नावे कोरलेली. पण या खेपेला मी थांबलो तो पाण्याच्या टाक्यापाशी. कोशिकीचा पुत्र विण्हुदत नावाच्या महारठीने हे टाके दान दिले, असा लेख इथे कोरलेला आहे. जुन्या प्राकृतात अशा टाक्याला ‘पोढी’ म्हणत. लढवय्या सरदार असावा. त्याने किती लढाया मारल्या हे आता कुणाला ठाऊक नाही. उरले आहे ते एवढेच, की त्याने पाणी दिले.

दान भिक्षुसंघाला होते. पण डोंगरातल्या त्या वाटेवरून बोरघाटाकडे जाणारा-येणारा वाटसरू तहानेला आला, तर त्याला हात हालवत परत पाठवले असेल असे मला वाटत नाही. पाणी आहे म्हटले की ते कुणी प्यावे हा प्रश्न येतोच. आपल्या महाराष्ट्राइतके हे दुसऱ्या कुणाला कळावे? १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे खुले होते, पण ओंजळ भरण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारोंसह त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा ते खऱ्या अर्थाने उघडले. आणि तरीही उच्च न्यायालयातला शेवटचा निकाल हाती यायला १९३७ साल उजाडले. खुले म्हणून जाहीर करणे आणि खुले असणे, या दोहोंच्या मध्ये एवढे अंतर असते.

दादाच्या पडवीतला वाद मला त्या टाक्याच्या काठी निराळा दिसू लागला. इंटरनेट हा आता गावाचा पाणवठा झाला आहे. हौसेची वस्तू असती तर दोन दिवस बंद ठेवल्याने काही बिघडले नसते. पण रेशन, उतारा, शाळा, धंदा, दवाखाना ही सारी कामे आपणच उचलून त्या पाणवठ्यावर नेऊन ठेवली आहेत. घरोघरचे आड बुजवायचे, सर्वांनी एकाच विहिरीवर यायचे असा नियम करायचा, आणि मग मनास येईल तेव्हा त्या विहिरीला कुलूप घालायचे, हा न्याय नव्हे. पाणवठा देणाऱ्यानेही कोणते पाणी प्यायचे ते ठरवू नये. फेसबुक कंपनीने निवडक संकेतस्थळे फुकट देऊ केली होती. तेव्हा ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावायला मनाई केली, ती याच न्यायाने.

मग राईनपाड्याचे काय? विहिरीत कुणी विष कालवले तर ती बंद करायची नाही काय?

करायची, जरूर करायची. पण शहाणे गाव ती कशी बंद करील? पाटील चावडीवर येऊन सांगेल की विहीर मी बंद केली आहे. कशासाठी, हे सांगेल. केव्हा उघडेल, हे सांगेल. तोवर तहानेल्यांनी कुठे जावे, हे सांगेल. आणि विष कालवणाऱ्याचा शोध घेईल. रातोरात कुणीतरी झाकण ठोकले आणि विचारले तर कुणीच बोलत नाही, याला बंदोबस्त म्हणता येणार नाही. काश्मिरात ऑगस्ट २०१९ मध्ये सेवा बंद झाली, तेव्हा ‘काश्मीर टाइम्स’च्या संपादिका अनुराधा भसीन न्यायालयात गेल्या. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल साधारण या शहाण्या पाटलासारखाच आहे: इंटरनेटवरून बोलण्याला आणि व्यवसाय करण्याला घटनेचे संरक्षण आहे; बंदी बेमुदत असू नये; ती गरजेपुरतीच असावी; आणि तिचा आदेश जाहीर करावा. त्याच वर्षी नियमांत दुरुस्ती होऊन एका आदेशाला १५ दिवसांची मर्यादा आली. न्यायालयाने सेवा त्याच क्षणी सुरू करवली नाही, हेही सांगितले पाहिजे. काश्मिरात वेगवान सेवा परतायला फेब्रुवारी २०२१ उजाडला.

शिवाय आणखी एक गोष्ट आहे. पाणवठा बंद केला की विषाबरोबर पाणीही बंद होते. राईनपाड्याच्या त्या पाच माणसांविषयी “अरे, हे भिक्षेकरी आहेत, यांना सोडा” असे सांगणारा खरा निरोपही त्याच वाटेने आला असता. खोट्याला तोंड असते तिथे खऱ्यालाही असावे लागते. एवढे सांगूनही दादाच्या प्रश्नाचे पुरते उत्तर माझ्याजवळ आहे असे मी म्हणणार नाही. त्या दिवशी ते बंद असते तर कदाचित ते पाच जण वाचले असते. ही ‘कदाचित’ची किंमत मी जाणतो. मी एवढेच म्हणतो, की कुलूप ज्याच्या हाती आहे त्याने दर वेळी जाब द्यावा. जाब न देणाऱ्याच्या हातचे कुलूप हे अफवेइतकेच आंधळे असते.

दुपारी जेवताना मी दादाला हे सारे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. इंद्रायणी तांदळाचा नवा भात होता. वाद घालायला त्याला सवड नव्हती. मग हात धुताना तो म्हणाला, “तुझं खरं धरू. पण ह्या पोराचं काय? त्याच्या हातातलं कोण बंद करणार? तेही सरकारला विचारून करायचं?”

हा प्रश्न मात्र दादाने नेमका ठेवला होता. मला सांगली जिल्ह्यातले मोहित्यांचे वडगाव आठवले. २०२२ पासून त्या गावात संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. मुले अभ्यासाला बसतात. गावाने एकत्र बसून ते ठरवले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाच्या ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल नको, असा ठराव केला. दोन्ही बातम्या वाचून मी तेव्हा मान डोलावली होती. एका जिल्ह्यातले इंटरनेट बंद झाले की मी कपाळाला आठ्या घालतो, आणि एका गावाने बंद केले की मान डोलावतो, ही विसंगती नव्हे काय?

मला वाटते, उत्तर वहिनींच्या कडीतच आहे. दाराला आतून कडी लावली की ते घर असते. बाहेरून कडी लावली की तीच खोली कोठडी होते. दार तेच, कडी तीच, अंधारही तेवढाच; हात कुणाचा एवढाच फरक. वडगावच्या भोंग्यामागे जी आई स्वतःची मालिका सोडून उठते, तिचा हात आतल्या कडीवर आहे. बान्सीच्या ठरावात मुलांचा हात कुठे होता हे मात्र मला विचारावेसे वाटते. गाव हेही कधी कधी मोठे सरकार होते, आणि मोबाइल नको म्हणताना पहिला मोबाइल मुलीच्या हातातून काढला जातो, हे आपण सारे जाणतो.

कडीची आणखी एक गंमत वहिनींनीच दाखवली. संध्याकाळी पणत्यांना वाती करता करता त्या म्हणाल्या, “भाऊजी, मागं रेशनला गेले तर यंत्रात माझा अंगठाच उठेना. तीन वेळा लावला. तो पोरगा म्हणाला, आजी, उद्या या.” जन्मभर भाताची आवणी केलेल्या त्या हातांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. देशातले पहिले आधार-पत्र २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. गरिबाला ओळख मिळावी हा हेतू चांगलाच होता. पण ज्या घरात ती चाळीस वर्षे भात शिजवते आहे, त्या घरचे दार बाईला ओळखत नसेल, तर दोष रेषांचा नाही. दुसऱ्या दिवशी बोट बदलून काम झाले म्हणे. वहिनींना त्याचा राग नव्हता. मला मात्र त्या “उद्या या”ची जात ओळखीची वाटली.

दिवे लागले. आकाशकंदील हलू लागला. सात वाजले तसा दादा उठला, आतून एक सूप घेऊन आला आणि पडवीच्या मधोमध ठेवले. “आजपासून सात ते साडेआठ,” तो म्हणाला. नातवाने दचकून मोबाइल छातीशी धरला. पण दादाने आधी आपल्या बंडीच्या खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, ज्यावर तो रोज संध्याकाळी कीर्तन ऐकतो, आणि सुपात ठेवला. मग वहिनींचा आला, मग सूनबाईंचा. नातू थोडा वेळ विचार करत राहिला. त्याने विचारले, “आणि पुण्याच्या आजोबांचा?”

मी निमूटपणे माझाही ठेवला. तेव्हा त्याचा आला. त्याच्या मोबाइलवर कुणाचे तरी काही अर्धे लिहिलेले दिसत होते. नजर तिकडे जाऊ पाहत होती. मी ती वळवली.

शेवटी मुलाने आपला मोबाइल पुढे केला. दादाने त्याचा हात अडवला.

“एक चालू असू दे,” तो म्हणाला. त्याने अंधारात डोंगराकडे पाहिले. १९८९ च्या जुलैत तिथून दरड सुटली होती आणि या गावातली माणसे तिच्याखाली गेली होती. त्या पावसाळ्याविषयी दादा सहसा बोलत नाही. “दरडीचं गाव आहे आपलं. कुणी बोलावलं तर कळायला पाहिजे.”

मग आम्ही सारे जेवायला बसलो.